फोटोत न दिसणारा बोअर

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांतल्या दवाखान्यांच्या भिंती गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. पूर्वी जिथे ओठांवर बोट ठेवलेली नर्स किंवा औषध कंपनीचे कॅलेंडर असे, तिथे आता हत्ती दिसतो. काळ्यापांढऱ्यात छापलेला, भिंतभर, जमिनीलगतून वर पाहिलेला. पुढचे दोन पाय चौकटीबाहेर जाऊ पाहतात, सोंडेचे टोक पाण्याला टेकलेले असते, मागे धुळीचा लोट आणि खाली कोपऱ्यात डॉक्टरांची सही. नंबर येईपर्यंत पेशंट त्या हत्तीकडे बघत बसतो. आत गेल्यावर एखादा विचारतोही, "साहेब, इतक्या जवळून? भेव नाही वाटलं?" साहेब हसून सांगतात, आम्ही हाइडमध्ये होतो, म्हणजे जनावराला न दिसता फोटो काढायच्या आडोशात.

ही मंडळी मला परकी नाहीत. डॉक्टर, कंत्राटदार, प्राध्यापक, कृषी सेवा केंद्राचे मालक अशा लोकांचा हा छंद आहे आणि मीही त्यांच्यातलाच. फक्त माझी लेन्स स्वस्तातली. मराठवाड्यात रानटी हत्ती नाही. आमचे हत्ती दगडातले. वेरूळच्या कैलास लेण्याचा भार पाठीवर घेतलेले, नाहीतर गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याच्या जोत्यावर ओळीने उभे असलेले. जिवंत पाहायचा तर काबिनी, बंदीपूर गाठावे लागते, आणि हात सैल असेल तर आफ्रिका. तसे महाराष्ट्रातही हत्ती आहेत. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्ग-चंदगडकडे ते येतात, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत उतरला. पण तिकडे आमच्यातले कोणी फोटोसाठी जात नाही. का, ते पुढे येईलच.

जमिनीखालच्या हाइडची रचना अगदी साधी. बोटीवर माल नेणारा लोखंडी कंटेनर पाणवठ्याच्या काठाशी पुरायचा, मागून उतरायला पायऱ्या करायच्या आणि पाण्याच्या बाजूला, जमिनीच्या पातळीवर लांबट फट ठेवायची. बोट्स्वानाच्या पूर्व टोकाला, लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळ तुली नावाचा रखरखीत टापू आहे. तिथल्या माशातू या खाजगी राखीव क्षेत्रातले असे हाइड जगभरच्या फोटोग्राफरांना ठाऊक आहे. त्याच धर्तीची हाइड आता दक्षिण आफ्रिकेत आणि केनियातही आहेत.

मी अशा एका हाइडमध्ये बसलो आहे. पत्रा तापलेला, फटीच्या कडेला बीनबॅगवर टेकवलेले कॅमेरे, कोपऱ्यात थंड पाण्याच्या बाटल्या, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. हत्ती येताना पावलांचा आवाज होत नाही, कारण तळव्यात चरबीची जाड गादी असते. चार-पाच टनांचे जनावर न वाजता येते. आधी कळते ती पोटातली गुरगुर. मग फट एकदम काळी होते, म्हणजे पाय आला. ज्या लांब लेन्ससाठी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते ती तिथे निरुपयोगी ठरते, चोवीस-सत्तर मिलिमीटरच्या आखूड लेन्सवर काम भागते. नखे मोजता येतात. सोंडेत एका वेळी आठ-दहा लिटर पाणी मावते आणि ते ओढले जाताना होणारा आवाज कानाआधी छातीत जाणवतो. काही वेळ मी कॅमेरा खाली ठेवून नुसता बसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की याने हाइड आतून पाहिलेलेच नसणार.

हाइडच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते खरे आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ-टू नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांमध्ये अडकले होते. ती चित्रफीत राज्यभर फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बंदीपूरच्या रस्त्यावर गाडीतून उतरून हत्तीबरोबर सेल्फी काढायला जाणारे महाभागही आपण पाहिले आहेत. त्यांच्या तुलनेत हाइडमधला माणूस सज्जनच. तो कोणाचा पाठलाग करत नाही, वाट अडवत नाही, हॉर्न वाजवत नाही. जनावर आपल्या पायांनी येते, पाणी पिते, जाते. छायाचित्रणाची सर्वांत सभ्य रीत म्हणून हाइडची जाहिरात होते आणि गाड्यांची झुंबड पाहिलेल्या माणसाला ती पटते.

पण जनावर आपल्या पायांनी येते ते कशासाठी?

गेवराई तालुक्यातल्या माझ्या चुलत्यांना मी मोबाइलवर हाइडमधून काढलेला हत्तीचा फोटो दाखवला. नानांनी स्क्रीन जवळ घेतली, लांब धरली, परत जवळ घेतली.

"हत्ती लई मोठा हाय रं. पन हे पानी कुठलं?"

"तिथं पाणवठा आहे, नाना."

"नदी हाय का?"

"नाही. बोअरचं आहे."

"मंग किती फुटाला लागलं?"

हत्तीचे वय, शटरचा वेग, वाऱ्याची दिशा, यातले काहीही त्यांनी विचारले असते तर मी सांगू शकलो असतो. त्यांनी विचारला तो प्रश्न आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर कधीच कोणी विचारत नाही, आणि मला तो या विषयातला सर्वांत कळीचा प्रश्न वाटतो. हाइडविषयीची सगळी चर्चा माणसाभोवती फिरते: माणूस दिसला का, त्याचा वास गेला का, शटर वाजले का. कोरड्या मुलखातले हाइड चालते ते मात्र पाण्यावर, आणि त्यातले कितीतरी पाणी पंपाने उपसलेले असते. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की जिथे पाणी आधीपासून आहे तिथे हाइड न्यावे, हाइडसाठी पाणी आणू नये. कसोटीही सोपी आहे. उद्या हाइड बंद पडले तर पंप चालू राहील का? राहणार नसेल, तर ते पाणी आमिष आहे.

आमिष हा शब्द अनेकांना झोंबेल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या नामांकित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. पाळीव लांडगा वापरल्याच्या संशयावरून २००९ च्या विजेत्याचे पारितोषिक २०१० च्या आरंभी काढून घेण्यात आले, आणि पेंढा भरलेला मुंगीखाऊ वापरला म्हणून २०१७ च्या स्पर्धेतले एक छायाचित्र पुढच्या वर्षी बाद झाले. बिबट्यासमोर बकरी बांधली तर आपल्याकडेही लोक खवळून उठतात. पाण्याबद्दल मात्र कोणाला काही वाटत नाही, कारण पाणी पाजणे हे पुण्य. पाणपोई घालणाऱ्या समाजाला पाण्यात काही वावगे असू शकते हे पटवणे कठीण जाते. तरी ज्या भागाने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे पाहिली आहे, त्या भागाने तरी हा हिशेब टाळू नये.

झिम्बाब्वेतले ह्वांगे राष्ट्रीय उद्यान पाहा. १९२८ मध्ये हे क्षेत्र राखीव झाले. बराचसा भाग कालाहारीच्या वाळूचा, बारमाही नदी नाही. पावसाची डबकी आटली की जनावरे पूर्वी बाहेरच्या मुलखात निघून जात. पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी बोअर घेतले, पंप बसवले, आणि जनावरे थांबू लागली. तेव्हा तिथले हत्ती हजाराच्या आत मोजले गेले होते. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास धरले जातात. यात संरक्षणाचा वाटा मोठा आहेच, पण पंपाशिवाय उन्हाळ्यात तिथे इतके हत्ती राहूच शकले नसते. मोठा हत्ती उन्हाच्या दिवसात दोनशे लिटरपर्यंत पाणी पितो. म्हणजे पन्नास हत्तींचा कळप एकदा येऊन गेला की आपल्या भाषेत दहा हजार लिटरचा एक टँकर संपला. आणि तरीही २०१९ च्या दुष्काळात तिथे दोनशेहून अधिक हत्ती मेले.

पंप असून का मेले, हे समजून घ्यायला त्याच्याही आधीचा दुष्काळ पाहावा लागतो. केनियातल्या त्सावोमध्ये १९७०-७१ च्या सुमारास सहा हजारांच्या आसपास हत्ती गेले. नदीला पाणी होते. हत्ती तहानेने मेले नाहीत, भुकेने मेले. पाण्यापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या टापूतले गवत, झुडुपे, झाडांची साल, सगळे संपले होते. नर लांब चालत जाऊन तगले. माद्यांना पिलांना सोडून लांब जाता येईना आणि पिलांना तेवढे चालवेना, म्हणून मेलेल्यांत माद्या आणि पिल्लेच जास्त होती. पाणी एका जागी बांधून ठेवले की भूकही त्याच्याभोवती गोळा होते.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. १९७२ ला विहिरींत थोडेफार पाणी होते, पण धान्य नव्हते. २०१३ ला दुकानात धान्य होते, पण प्यायला पाणी नव्हते. हे दोन वेगळे दुष्काळ आहेत, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना शिकवावे लागत नाही. बीड जिल्ह्यात छावण्या लागल्या तेव्हा जनावरे एका जागी आणली म्हणून तिथे पाण्याबरोबर उसाचे वाढे आणि पेंडही आणावी लागली. पंपावरचा पाणवठा म्हणजे चारा नसलेली छावणी.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानाने हा धडा वेगळ्या वाटेने घेतला. तिथे १९३० च्या दशकापासून बोअर घेतले जात होते आणि पुढे त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आले, पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि या गर्दीत तिथले रोअन जातीचे दुर्मीळ हरिण १९८६ मधल्या साडेचारशेवरून १९९३ पर्यंत पंचेचाळीसच्या आसपास आले. त्यानंतर उद्यानाने निम्म्याहून अधिक बोअर बंद करत नेले. पर्यटकांनी कुरकुर केली, कारण पाणवठ्यावर गाडी लावून बसण्याची सवय झाली होती. उद्यानाने ऐकले नाही. सरकारी खात्याने पर्यटकांच्या सोयीपेक्षा जमिनीचे ऐकावे, असा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून लक्षात ठेवण्यासारखा.

आता लपण्याविषयी. हाइडमध्ये बसल्याने हत्ती फसतो, ही आपली गोड समजूत आहे. वास ओळखणारी जनुके माणसात चारशेच्या आसपास, कुत्र्यात आठशेच्या घरात आणि आफ्रिकी हत्तीत एकोणीसशेच्या वर. केनियातल्या अंबोसेलीत संशोधक कॅरन मॅककोंब आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर विलक्षण आहे. त्यांनी हत्तींना माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. गुरे राखणाऱ्या, भाला बाळगणाऱ्या मासाई जमातीतल्या पुरुषाचा आवाज आला की कळप एकत्र होई, सोंडा वर जात. शेती करणाऱ्या कांबा जमातीतल्या पुरुषाच्या आवाजाला तेवढे महत्त्व नाही, आणि मासाई बायका-मुलांच्या आवाजालाही नाही. भाला कोणाच्या हाती असतो हे त्यांना भाषेवरून कळते. असे जनावर पाच पावलांवर पुरलेल्या लोखंडी डब्यातले घामेजलेले आठ पर्यटक ओळखत नाही, असे कोणी म्हणू नये. तो ओळखतो आणि चालवून घेतो, कारण तहान लागलेली आहे आणि मैलोगणती दुसरे पाणी नाही. त्याच्या या नाइलाजाला आपण निर्भयता म्हणतो आणि स्पर्धेला पाठवतो.

अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात छद्दंत जातक रंगवले आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाची ती गोष्ट. गेल्या जन्मीचा राग धरलेली काशीची राणी त्याचे सुळे आणायला सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला पाठवते. सोनुत्तर घाई करत नाही. तो गजराजाची दिनचर्या पाहतो, आंघोळीनंतर तो रोज कुठे उभा राहतो ते हेरतो, तिथे खड्डा खणतो, वर फळ्या टाकतो, अंगावर भगवे वस्त्र घेतो आणि खालून बाण सोडतो. लेणी पाहायला आलेल्यांना गाइड त्यातली करुणा सांगतात, की वस्त्राकडे पाहून हत्तीने शिकाऱ्याला मारले नाही आणि आपले सुळे कापायला त्यालाच मदत केली. मी अलीकडे पाहतो तेव्हा मला खड्ड्याची जागा आधी दिसते. हत्ती मारायचा असो की टिपायचा, आधी त्याचे येणे ठरलेले असावे लागते, आणि ते ठरते पाण्याने.

फोटोग्राफराला शिकारी ठरवण्याचा माझा हेतू नाही. कॅमेऱ्याने रक्त येत नाही. पण ठरलेल्या जागेचा फायदा फोटोग्राफरापुरता राहत नाही. २०१३ मध्ये ह्वांगेत चोरट्या शिकाऱ्यांनी पाणवठ्यांवर आणि मिठाच्या चाटणांवर सायनाइड टाकले. शंभराहून अधिक हत्ती मेले, आणि त्यांना खायला आलेली गिधाडेही. बंदुकीचा आवाज नाही, पाठलाग नाही. हत्ती कुठे येणार हे माहीत होते, एवढे पुरले.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे पैसा. हाइडचा पैसा संवर्धनाला जातो, गावाला रोजगार मिळतो, त्यातून पंपाचे डिझेल निघते. काही ठिकाणी हे खरे आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. बोट्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत आणि माणसे पंचवीस लाखांच्या आसपास. २०१४ मध्ये तिथे शिकारीवर बंदी आली, २०१९ मध्ये उठली, आणि २०२४ मध्ये जर्मनीने शिकार केलेल्या जनावरांची मुंडकी, सुळे, कातडी अशा ट्रॉफींच्या आयातीवर निर्बंध आणायचा विचार सुरू केला तेव्हा तेव्हाचे अध्यक्ष मोकग्वीत्सी मासिसी म्हणाले की वीस हजार हत्ती तुम्हाला पाठवतो, राहून पाहा त्यांच्याबरोबर. हे ऐकून आमच्या ग्रुपवर बरीच हळहळ झाली. रोही आणि रानडुकरांनी हरभरा झोपवला म्हणून तहसीलला अर्ज देणाऱ्या माणसाला ते बोलणे लगेच कळले असते. हाइडच्या चौकटीत हा शेतकरी येत नाही. पंप येत नाही, सौर पॅनल येत नाही, पाइप येत नाही, विजेचे कुंपण येत नाही. बोअरचे पाणी जिथे पडते तिथले नितळ पाणी हत्तीला सर्वांत प्रिय, म्हणून कळप त्या तोंडाशीच दाटी करतो; मग पाइपचे तोंड फटीपासून किती अंतरावर असावे हे हाइड बांधणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. ते तोंड फक्त फोटोत दिसू द्यायचे नसते.

आता दोडामार्गचे. तिथे हत्तीचा फोटो काढायचा म्हणजे मागे कौलारू घर, आडवी पडलेली केळीची बाग, मोडलेले माड आणि रात्रभर फटाके घेऊन जागलेली माणसे. गडचिरोलीत भाताची खाचरे. तो फोटो भिंतीवर लागत नाही. आणि तरीही या देशातले हत्तीचे सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र तसलेच आहे असे मी म्हणेन. पश्चिम बंगालच्या बांकुरा जिल्ह्यात बिप्लब हाजरा यांनी टिपलेले, २०१७ मध्ये पुरस्कार मिळालेले: जमावाने फेकलेल्या पेटत्या गोळ्यांतून पळणारी हत्तीण आणि मागे आगीत सापडलेले पिल्लू. त्याला हाइड नव्हते, ठरलेले पाणी नव्हते, प्रकाशही धड नव्हता. देशभर त्यावर बोलले गेले. पाणवठ्यावरच्या हजारो देखण्या फोटोंपैकी एकाने तरी असे काही घडवले असेल तर मला ऐकायला आवडेल.

याचा अर्थ पाण्यावरचा फोटो काढूच नये असा नाही. टांझानियात ग्रेट रुआहा नदी १९९३ पासून दर उन्हाळ्यात वाहायची थांबते. वरच्या अंगाला भाताला पाणी वळवले जाते, हे तिच्या कोरडेपणाचे मोठे कारण. नाशिक-नगरच्या धरणांकडे डोळे लावून बसलेल्या जायकवाडीकाठच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तर अशा कोरड्या पात्रांत हत्ती पायाने आणि सोंडेने वाळू उकरून झिरा काढतो. आपल्याकडे गोदावरीच्या, मांजराच्या पात्रात बायाबापड्यांनी वाटीने पाणी भरले तसलाच झिरा. हत्तीचे पिऊन झाले की माकडे येतात, हरणे येतात, पाखरे येतात. काठावर, वाऱ्याच्या उलट अंगाला, अंतर राखून हाइड बांधा आणि खुशाल दिवसभर बसा. हत्ती आला तर आला. तिथे पाणी कोणी आणले या प्रश्नाला हत्तीने, असे उत्तर देता येते.

आता घराकडे. शेतात सिमेंटचे डबके, दोन दगड, एक वाळकी फांदी, समोर हिरव्या नेटचे हाइड आणि तासावर पैसे, ही रीत राज्यात इतरत्र रुजली आहे आणि मराठवाड्यात फोफावायला वेळ लागणार नाही. पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळाला मी वर सांगितलेली कसोटी लावणार नाही; बुलबुलाने परळातले पाणी प्याले म्हणून भूजल खालावत नाही. प्रश्न काळविटांचा, रोह्यांचा, लांडग्यांचा आणि उद्या बिबट्याचा आहे. मोठ्या जनावरांसाठी कायमचे पाणी केले की ती मुक्कामाला येतात आणि आजूबाजूच्या रानात चरतात. हाइडवाल्याला तासाचे पैसे, शेजाऱ्याच्या हरभऱ्याचा चुराडा. शिवाय पाणी येणार कुठून? राज्याच्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर निर्बंध आहेत आणि लातूरकडे बोअर सातशे-आठशे फुटांच्या गप्पा मारतात. प्यायच्या पाण्यासाठी खाली गेलेल्या भोकातून फोटोसाठी पाणी काढायचे, हे मला तरी पचत नाही.

अभयारण्यापुरता कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली, की अधिवासात कोणताही बदल न करता आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम होऊ न देता. नवे डबके खोदणे हा अधिवासातला बदल नाही, असा युक्तिवाद करायला फार हुशार वकील लागेल. पण ही अट अभयारण्याच्या हद्दीतली. बांधापलीकडच्या खाजगी गटात ती लागू होत नाही आणि हाइड उभी राहतात ती नेमकी बांधापलीकडेच. गौताळा, येडशी, नायगाव यांच्या कडेची गावे यात पहिली सापडतील. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या रानात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला, यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला. असा एखादा वाघ पुढेमागे कोणाच्या शेतातल्या पाण्यावर स्थिरावला तर त्या शेतकऱ्याला हाइडचे किती भाव मिळतील, आणि त्या भावात गावातल्या बाकीच्यांचा धोका कोण मोजेल? ग्रामसभेने आधीच ठराव करून ठेवावा की कायमचे पाणी करून चालवायच्या हाइडला गावाची संमती लागेल. वाघ आल्यावर ठराव होत नसतात.

आमच्या क्लबांकडे एक मागणी मी अनेकदा केली आहे. फोटोखाली आपण कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ लिहितो. पाणवठ्यावरच्या फोटोखाली पाण्याचा उगम लिहा. नदी, झिरा, वनखात्याचा पाणवठा, खाजगी बोअर, जे असेल ते. कोणाचा फोटो बाद करू नका, फक्त लिहा. विरोध होतो. फोटोची मजा जाते म्हणतात.

एक अडचणीची जागा मात्र राहते. वनखाते उन्हाळ्यात टँकरने जे सिमेंटचे पाणवठे भरते ते माझ्या कसोटीत बसतात, कारण कॅमेरे नसले तरी ते भरले जाणार. क्रूगरचा अनुभव पाहता तेही कायमचे आणि एकाच जागी नसावेत, तो वनखात्याचा विषय. पण टँकर कोणत्या दिवशी कुठल्या पाणवठ्यावर रिकामा झाला हे संध्याकाळच्या आत ग्रुपवर येते, दुसऱ्या दिवशी पहाटे चार दुचाक्या तिथे पोचतात, आणि हाइड न बांधताच हाइडचे काम सुरू होते. झुडपाआड बसलेल्या माणसांमुळे जनावर दुपारपर्यंत लांब उभे राहते. वनरक्षक एकटा असतो, त्याचे बीट, म्हणजे राखायचा टापू, मोठे असते. त्याच्याकडून हे थांबणार नाही. आपण थांबवू शकतो, आणि येत्या मार्चपासूनच. पाणवठ्याचे नाव आणि टँकरचा दिवस ग्रुपवर टाकायचा नाही, टाकणाऱ्याला अ‍ॅडमिनने काढायचे. फोटो ठेवून द्यावेत आणि पावसाळा लागल्यावर, ओढे वाहू लागल्यावर, हवे तेवढे टाकावेत.